वरच्या रांगेतल्या नळ्या

दहाच्या गाडीने त्या गावात उतरलेली माणसं मोजून दोन. एक टपालाची पोती घेऊन आलेला, आणि दुसरी पेटीवाली. बाकी गाडी रिकामी आली होती आणि रिकामीच पुढे गेली. भरलेल्या गाड्या सकाळी सहा ते आठ या वेळात निघून गेल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर गावही.

जाणाऱ्या फलाटावर छप्पर होतं, बाकं होती, पिण्याचं पाणी होतं, दोन-दोन घड्याळं होती. येणाऱ्या फलाटावर नुसता एक खांब आणि बाहेर पडायचा जिना. गावाने आपली सगळी माया निघून जाण्याच्या बाजूला खर्च केली होती. पेटीवाली हत्यारांची पेटी खांद्याला लावून जिना चढली आणि चर्चच्या मनोऱ्याच्या अंदाजाने चालू लागली. फाटकं बंद, पडदे ओढलेले, दोऱ्यांवर वाळलेले कपडे आणि ते काढायला कोणी नाही. अंघोळ करून, कुलूप लावून, सगळी घरंच जणू कामाला गेली होती.

पेटीवाली म्हणजे पेटी वाजवणारी नव्हे. चर्चमध्ये जो मोठा, भिंतभर नळ्यांचा ऑर्गन असतो, त्याचे सूर लावायचे, भाते शिवायचे, कसर लागलेलं चामडं बदलायचं, हा तिचा धंदा. बाबांचा हात धरून शिकलेला. बाबांनी जन्मात अकरा ऑर्गन उभे केले. त्यातला कुठला जळाला, कुठला भंगारात गेला, कुठल्या चर्चचंच गोदाम झालं. बाबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांच्या हातचा एकच ऑर्गन जगात उरला होता. तो इथे. तो राहणार की जाणार, हे आज ठरायचं होतं, आणि ठरायचं होतं तिच्याच कागदावर.

फादर किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारातच उभे होते. तीन गावांची तीन चर्चं एकटे सांभाळायचे, तेव्हा तेही गाडीचेच माणूस.

"तुम्हीच ना पेटीवाल्या बाई? बरं झालं वेळेवर आलात. मला अकरा-दहाची गाठायची आहे."

"माझा दिवस जाईल, फादर. नळ्या सहाशेच्या वर आहेत."

"जाऊ द्या की दिवस! संध्याकाळी सातला समिती बसते, तोवर एक कागद हवा. पानभर नको, चार ओळी पुरेत. वरच्या रांगा गेल्या आहेत, दुरुस्ती होण्यासारखी नाही, खाली सही."

"बघायच्या आधीच?"

"बघा ना! बघू नका असं कुठे म्हणतोय मी?" फादर हसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "मास्तर वर बसलेत. नऊ वाजल्यापासून येऊन बसलेत बिचारे. त्यांना जरा सांभाळून घ्या. अहो, चाळीस वर्षं वाजवताहेत. त्यांचंच म्हणणं आहे की वरचे सूर मेलेत म्हणून. आम्हाला काय कळतं त्यातलं?"

मास्तर वादकाच्या माळ्यावर, पट्ट्यांसमोरच्या बाकावर बसलेले होते. कोट इस्त्रीचा, बूट पॉलिशचे. पंच्याहत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ. त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि एकदम उठले.

"अगं, तू त्यांची मुलगी! हनुवटी तीच. हा बसवला तेव्हा तू एवढीशी होतीस. इथे या पायरीवर बसून पेरू खात होतीस आणि बिया नळ्यांत टाकत होतीस. बापाने कान उपटला होता तुझा."

"बिया तुम्ही पाहिल्यात, म्हणून उपटला," ती म्हणाली.

"पाहिल्या नव्हत्या. आवाज आला होता!" मास्तर खुशीत म्हणाले. "कान होते तेव्हा माझे. आहेत म्हणा अजून."

ऑर्गनचे सूर एकट्याने लावता येत नाहीत. एकाने बाहेर बसून पट्टी दाबायची, दुसऱ्याने आत, नळ्यांच्या रानात शिरून ऐकायचं. आतल्याने 'पुढे' म्हटलं की बाहेरच्याने पुढची पट्टी दाबायची. सहाशे वेळा पुढे. दोघांमध्ये लाकडाची भिंत, तोंड दिसत नाही, नुसता आवाज येतो आणि जातो. लहानपणी ती बाहेर असायची आणि बाबा आत. आत बसले की ते गुणगुणायचे:

नळी नळीत वारा, वाऱ्याला नाही घर,
ज्या नळीत शिरेल, तिचा होईल स्वर.

ती दिवा घेऊन बारक्या दाराने आत शिरली. धूळ, जुनं लाकूड, सरसाचा वास. पहिल्या मोठ्या नळीच्या पाठीवर बाबांनी खिळ्याने कोरलेलं साल, आणि साल चुकल्यावर त्यावर मारलेली काट. तिने त्या काटेवरून बोट फिरवलं. मग पदर खोचला.

"मास्तर, खालून सुरू करा!"

खालचे सूर आले. दरवाज्यातून बैल आत यावा तसे, सावकाश, भारदस्त. दोन-चार ठिकाणी घसरलेले होते. तिने नळीच्या तोंडावरची कडी जराशी सरकवून ते जागेवर आणले. "पुढे!" मधली रांग आली. स्वच्छ. अधूनमधून गाडी जायची तेव्हा दोघंही थांबायची, कारण गाडीबरोबर मनोऱ्यापासून खालच्या फरशीपर्यंत सगळं थरथरायचं. गाडी गेली की मास्तर बाहेरून ओरडायचे, "गेली गं!" आणि काम पुढे चालायचं. तिला बरं वाटत होतं. चाळीस वर्षांत कोणी धड हात लावला नव्हता, तरी बाबांचं काम उभं होतं, खुंटाला बांधलेल्या इमानी जनावरासारखं.

मग ती शिडीवर चढून सगळ्यात वरच्या, करंगळीएवढ्या नळ्यांपाशी आली.

"आता वरची रांग."

मास्तरांनी पट्टी दाबली. सुईसारखा सूर निघाला, लख्ख, थेट कानात.

"बघितलंस?" बाहेरून मास्तर म्हणाले. "मेली."

तिला वाटलं, चेष्टा करताहेत. "पुढची?"

दुसरी सुई. "हीसुद्धा मेली. दोन वर्षं झाली, एकेक करत गेल्या गं. आधी शेवटची, मग तिच्या अलीकडची. दाराशी कोणी एकेक दिवा विझवत यावं तसं."

मग तिने एक नळी तिच्या भोकातून उचलून हातात घेतली. आता तिथून नुसता वारा यायचा.

"पुन्हा दाबा, मास्तर."

त्यांनी दाबली. "तेच. काही नाही."

तिने नळी परत बसवली. "पुन्हा."

नळी किंचाळली. चर्चच्या दुसऱ्या टोकाच्या काचेवर आपटून सूर परत आला. "नाही," मास्तर म्हणाले. "काही फरक नाही."

धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर हे ओळखायला तिला वैद्य लागत नव्हता. म्हातारपण कानातून आधी बारीक सूर चोरतं. बोलणं राहतं, गाडी राहते, ढोबळ सगळं राहतं, म्हणून चोरी झाल्याचं घरच्या धन्याला कळतही नाही. नळ्या जिवंत होत्या. गेले होते ते मास्तरांचे कान.

तिने शिडीवरच कपाळ लाकडाला टेकलं. खरं लिहिलं तर बाबांचा ऑर्गन वाचतो आणि मास्तर उघडे पडतात. फादरांनी सांगितलं तसं लिहिलं तर मास्तर झाकले जातात आणि बाबा जातात.

"जेवून घेऊ या का, मास्तर?" ती म्हणाली. "बाकीचं दुपारी बघू."

मास्तर घरून डबा आणायचे. तिला मोकळी हवा हवी होती, म्हणून ती बाहेर पडली. रस्त्यात दोन दुकानं लागली, दोन्ही बंद, दारावर पाटी: चार वाजता उघडेल. उघडा होता तो फक्त स्टेशनजवळचा लाँड्रीवाला. सकाळी जाताना टाकलेले कपडे संध्याकाळी येताना घ्यायचे, अशी गावाची रीत, तेव्हा त्याचं खरं काम दुपारीच. तिने त्याच्याकडे चहा कुठे मिळेल म्हणून विचारलं. त्याने स्वतःच्या थर्मासमधला अर्धा कप पुढे केला.

आत दोरीवर शंभरेक शर्ट. प्रत्येकाच्या कॉलरला चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नाही, वेळ: सहा-चाळीस, सात-वीस, सात-पन्नास.

"नावं नाही लिहीत?"

"नावं कोणाला ठाऊक, बाई?" इस्त्री न थांबवता तो म्हणाला. "ज्याची जी गाडी, ते त्याचं नाव. सात-वीसच्या चौकोनी चष्मेवाल्यांचा मुलगा आजारी होता, एवढं माहीत आहे. मुलाचं नाव विचाराल तर नाही सांगता यायचं. आपलं गाव म्हणजे झोपायची खोली आहे हो. खोलीत कोणी कोणाची ओळख करून घेतो का?"

"रविवारी तरी भेटत असतील. चर्चमध्ये."

त्याने इस्त्री उभी केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्या ऑर्गनसाठी आलात ना? मग एक सांगू? तो बंद करा एकदाचा. मी आपला इथे, तीनशे पावलांवर, तरी दातातून कळ जाते. लोक पुढे बसायचे आधी, आता सगळे मागे. आया पोरांच्या कानात कापूस घालून नेतात. माझ्याकडे येतात ना कोट, खिशात कापसाचे बोळे सापडतात रविवारचे."

"मग मास्तरांना कोणी सांगत का नाही?"

"सांगायचं कोणी?" तो हसला. "जो सांगेल तो वाईट. आणि वाईट झाल्यावर सोमवारी सगळ्यांसमोर गाडीत उभं राहायचं असतं, पन्नास मिनिटं, नाकाला नाक लावून. त्यापेक्षा कापूस बरा."

अर्धा कप चहाही तिच्याच्याने संपला नाही. मास्तरांना बारीक सूर ऐकू येईनात, म्हणून त्यांनी ते वाढवत नेले. नळ्यांची एक रांग उघडणारी एक खुंटी ओढून भागेना, दोन ओढल्या. दोन ओढून भागेना, सगळ्या. आणि गाव मागच्या बाकांवर सरकत गेलं, कानात कापूस घालून, आणि बाहेर पडताना हात हातात घेऊन म्हणत राहिलं, छान वाजवलंत.

फादरांनी जाताना हातात दिलेल्या चिठ्ठीवर समितीच्या सेक्रेटरीबाईंचा नंबर होता. तिने रस्त्यातूनच लावला.

"एक मिनिट हं, मी जिन्यात येते," पलीकडून दबलेला आवाज आला. मग दार लागल्याचा आवाज. "हं, बोला. झाला का कागद?"

"ऑर्गन धडधाकट आहे, बाई. एकही नळी मेलेली नाही. मास्तरांना ऐकू येत नाही."

"मग?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

पेटीवालीला वाटलं, त्यांना कळलं नसावं. "म्हणजे, ऑर्गनचा काही दोष नाही."

"अहो, ते का आम्हाला कळत नाही? कान आहेत ना आम्हाला! दोन वर्षं सोसतोय." बाईंनी श्वास सोडला. "हे बघा, मास्तरांना बायको नाही, मूल नाही. तो बाक सोडला तर त्यांच्याकडे काय आहे? उठा म्हणून कसं सांगायचं? आता जे नवीन आणतोय ना, विजेचं, त्याच्या आवाजाचं बटण मागे आमच्याकडे राहतं. मास्तर वाजवतील मनसोक्त, आम्ही मागून कमी करू. त्यांना कळणारही नाही. दर्शनी नळ्या तशाच ठेवणार आहोत शोभेला, मागे स्पीकर. कोणी दुखावलं जात नाही. सांगा, यात वाईट काय आहे?"

वाईट काय ते पेटीवालीला बोटाने दाखवता येत नव्हतं. तेच तिला फार लागलं. एका माणसाला खरं सांगायची पाळी येऊ नये म्हणून सहाशे नळ्या उपटायच्या, आणि त्याला वाजवत ठेवायचं, खेळण्यातला ड्रायव्हर बसवतात तसं, चक्र हातात, गाडी दुसऱ्याच्या दोरीने.

"पाचपर्यंत संपवा हं," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "आणि मास्तरांना काही बोलू नका. मनाला लावून घेतात ते."

ती परत आली तेव्हा मास्तर रिकामा डबा रुमालात बांधत होते. "काय ठरलं? वाचतो का?"

"मास्तर, जरा आत या. तुम्हाला एक दाखवते."

त्या अरुंद दारातून त्यांना वाकून आणायला वेळ लागला. तिने त्यांना शिडीपाशी उभं केलं, दिवा दिला, आणि खिशातून पातळ कागदाची एक पट्टी काढून त्यांच्या बोटांत दिली. "ही त्या बारक्या नळीच्या ओठापाशी धरा. मी बाहेरून पट्टी दाबते. कागदाकडे बघा."

तिने बाहेर येऊन दाबली. सूर निघाला, सुईसारखा. आत शांतता. तिने सोडली, पुन्हा दाबली. पुढची. त्याच्या पुढची. लाकडाच्या भिंतीपलीकडे एक म्हातारा माणूस कागद फडफडताना बघत होता, आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं.

सात-आठ नळ्या झाल्यावर आतून आवाज आला, "थांब."

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कोटाला धूळ लागली होती. ती त्यांनी झटकली नाही.

"सगळ्या वाजतात?"

"सगळ्या."

"लोकांना ऐकू येतात?"

"येतात."

ते बाकावर बसले. मग एकदम तिच्याकडे वळले आणि त्यांचा आवाज चढला. "बापाचं यंत्र वाचवायचंय तुला. म्हणून मला बहिरा ठरवतेस. कागद हलला तर हलला! वारा कुठूनही येतो!"

पहिलं वाक्य खोटं नव्हतं. दुसऱ्या कोणाचा ऑर्गन असता तर आपण पेटी आवरून, चार ओळी लिहून, तीनची गाडी पकडली असती का? पकडलीही असती.

"यंत्र वाचवायचंय," ती म्हणाली. "पण तुम्ही बहिरे झालायत तेही खरं आहे, मास्तर. दोन्ही खरं आहे."

गाडी गेली. फरशी थरथरली. ती जाईपर्यंत दोघंही सवयीने थांबली.

"मागे बसायला लागले सगळे," मास्तर म्हणाले, आता हळू. "मला वाटलं, लवकर निघता यावं म्हणून बसतात. मला वाटलं, श्रद्धा उरली नाही. मी फादरांकडे तक्रार केली गं, की लोक देवापासून लांब बसतात." ते हसले, पण ते हसू अर्ध्यातच मोडलं. "आणि सगळ्या खुंट्या ओढून वाजवायचो. म्हणायचो, जरा जागे होऊ देत मेले."

"कोणी सांगितलं नाही तुम्हाला."

"दर रविवारी दारात उभा असतो मी. ऐंशी माणसं हात हातात घेतात. ऐंशी." त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला, काही चिकटलंय का बघावं तसा. "फादरांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना ठाऊक आहे."

मग तिने त्यांना बटणाचं, स्पीकरचं, शोभेच्या नळ्यांचं सगळं सांगितलं. एकदा सांगायला घेतल्यावर अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता. मास्तर ऐकून घेत होते, तिच्या ओठांवर डोळे लावून. सांगून झाल्यावर त्यांनी खिशातून कंगवा काढला, केस विंचरले, कोटावरची धूळ झटकली.

"सातला मीच बोलतो," ते म्हणाले. "तू तुझा कागद खरा लिही. मी उठतो इथून. ऑर्गन राहू दे. कोणी कानांचा माणूस बसवा म्हणावं. माणूस खरं बोलल्यावर त्याला कोण नाही म्हणेल?"

समिती बसते असं म्हणायचं, पण खरं तर ती नुसती टेकली. सहा-पन्नासची गाडी आली, आणि चर्चच्या बाजूच्या खोलीत चौदा माणसं येऊन खुर्च्यांच्या कडांवर बसली. मांडीवर पिशव्या, अंगात कोट तसेच, डोळे दिवसभर कॉम्प्युटरकडे बघून लाल झालेले. कोणी एकमेकांची विचारपूस केली नाही. पन्नास मिनिटं एकाच डब्यात होती सगळी. सेक्रेटरीबाईंनी वही उघडली, फादरांनी दोन ओळींची प्रार्थना म्हटली आणि मास्तर उभे राहिले.

"मंडळी, ऑर्गन बरा आहे. बिघडलोय तो मी. वरचे सूर मला ऐकूच येत नाहीत. दोन वर्षं मी तुमच्या कानांवर घण घालतोय आणि तुम्ही मला छान छान म्हणताय. तुमची माफी मागतो. मला उठवा. पण त्या ऑर्गनला हात लावू नका. त्याने काही केलेलं नाही."

एवढंच बोलले. आवाज कापला नाही. पेटीवालीला वाटलं, झालं. आता कोणी तरी मान खाली घालील, कोणी तरी म्हणेल, मास्तर, आम्हीच चुकलो.

"काहीतरीच काय, मास्तर!" चौकोनी चष्मेवाले म्हणाले.

"आम्हाला तर कधी जाणवलंसुद्धा नाही," एक बाई म्हणाल्या. त्यांच्या कोटाच्या खिशाकडे पेटीवालीचं लक्ष गेलं आणि तिने ते मुद्दाम वळवलं.

"मोठेपणा म्हणतात तो हा. यंत्राचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला!"

"आजकाल कोण घेतं हो?"

"अरे, मी खरं सांगतोय!" मास्तर म्हणाले.

"हो हो, मास्तर, बसा ना तुम्ही." कोणी तरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मास्तर उभेच. टाळ्या मात्र त्यांना ऐकू येत असाव्यात, कारण त्यांचा चेहरा उतरत गेला.

पेटीवालीने आपला कागद वाचला. यंत्र उत्तम स्थितीत, एकही नळी निकामी नाही, किरकोळ सूर लावून दिले आहेत. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिने कागद खाली ठेवला. "वरच्या नळ्या तुम्हाला ऐकू येतात ना? एवढंच सांगा. ज्याला येतात त्याने हात वर करा."

एक हात वर गेला, पण तो केस सारखे करायला.

"नोंद घेतली," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "तर नवीन यंत्राची खरेदी आणि जुनं उतरवणं. आणि मास्तरांनीच त्यावर बसावं, अशी सगळ्यांची इच्छा. हरकत कोणाची?"

"माझी," मास्तर म्हणाले.

"तुमची विनम्रता, मास्तर. मंजूर."

सव्वासातला सगळं आटोपलं होतं. माणसं उठली. एकेक जण मास्तरांपाशी आला, हात हातात घेतला, छान बोललात म्हणाला, आणि चटकन बाहेरच्या दाराकडे वळला. मास्तर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले. नंतर ते टेबलापाशी गेले. पेटीवालीचा कागद वहीखाली अर्धा दबला होता. तो त्यांनी ओढून काढला, उलटा केला, सेक्रेटरीबाईंच्याच पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं: वादकाचे कान गेले आहेत. ऑर्गन चांगला आहे. खाली पूर्ण सही. मग चर्चच्या दाराशी जो सूचनांचा फळा असतो, तिथे जाऊन दोन टाचण्या दुसऱ्या कुठल्या तरी कागदाच्या काढून तो मधोमध लावला.

जाणारी माणसं तिथूनच जात होती. चौकोनी चष्मेवाले थांबले, वाचलं, आणि पायरी उतरले. कापूसवाल्या बाईंनी वाचलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "दूध घ्यायचंय आठवणीने." फादरांनी वाचलं, त्यांनी तर दोनदा वाचलं; मग त्यांना सात-तीसची दिसली असावी, ते निघाले.

शेवटी सेक्रेटरीबाई वही छातीशी धरून आल्या. त्या वाचून पुढे गेल्या नाहीत. त्यांनी दोन्ही टाचण्या अलगद काढल्या, कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो मास्तरांच्या कोटाच्या वरच्या खिशात सरकवला. खिशावरून हात फिरवून थोपटलं, शाळेत निघालेल्या पोराच्या खिशात आई रुमाल ठेवते तसं.

"उगाच कोणी काही बोलायचं, मास्तर," त्या म्हणाल्या. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्यांच्या. "जपून जा हं घरी. रविवारी भेटू."

त्यांची पावलं फाटकापर्यंत वाजली आणि मिटली. गावात एकेक खिडकी पेटत होती. पेटीवाली हत्यारांची पेटी पायाशी ठेवून उभी होती. पुढच्या महिन्यात ते नळ्या उपटायला दुसऱ्या कोणाला तरी बोलावतील, आणि तो नळीवर कोरलेलं साल न वाचता काम उरकून जाईल.

मास्तरांनी तिच्याकडे न बघता खिशावर हात ठेवला.

"काय म्हणाल्या त्या, ऐकू आलं का तुम्हाला?" तिने विचारलं, जरा मोठ्याने.

"ओरडू नकोस गं," मास्तर म्हणाले. "जपून जा म्हणाल्या. एवढं येतं मला ऐकू."